स्पिंडल अडकला तर

आकुर्डी,
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

प्रिय दादा,

सप्रेम जयभीम.

आम्ही दोघं बरे आहोत. तू आणि रुपाली वहिनी मजेत असाल. वाकडला तुमच्या बाराव्या मजल्यावर आता गार वारं सुटत असेल. इथे पत्र्याच्या शेडमध्ये सकाळी लोखंडाला हात लावला की थंडी कळते. बाबांचा खोकला गेला. बीपीची गोळी डॉक्टरांनी बदलून दिली आहे. मला या महिन्यात पहिली शिफ्ट आहे, सहाला चाकणची बस येते, दुपारी चारपर्यंत घरी.

पत्र बघून तुला हसू येईल. वाकड ते आकुर्डी गाडीवर अर्धा तास, आणि ही पोस्टाने लिहितेय. पण फोनवर तू मला दुसऱ्या वाक्याला तोडतोस, आणि मेसेज केला तर अंगठ्याचं चित्र पाठवून मोकळा होतोस. कागदाला तसं करता येत नाही.

तुझा सोमवारचा मेसेज वाचला. जानेवारीत तुमच्या कंपनीत प्रदर्शन आहे, लोकांनी घरी बनवलेल्या वस्तूंचं, आणि तिथे तुला आपलं सीएनसी मशीन मांडायचंय. नव्या सेन्सरचे फोटो, वायरिंगचं चित्र आणि प्रोग्राम पाठव, म्हणालास. "आपण स्पिंडलला जे बसवलंय ते" असं तू लिहिलंस. आपण कोण, ते नंतर बघू. आधी काय बसवलंय ते सांगते, कारण ते तू बघितलेलं नाहीस. मे महिन्यात लग्न झाल्यापासून तू शेडमध्ये आलेला नाहीस.

आपलं मशीन आंधळं होतं. कॉम्प्युटर कापायचा बिट धरणाऱ्या स्पिंडलला फिर म्हणायचा आणि तो फिरतोय असं धरून पुढे सरकवायचा. बिट मालात रुतला, स्पिंडल जागच्या जागी अडकला, तरी मशीनला त्याचा पत्ता नसायचा. ते ढकलतच राहायचं. चाकणला मी ज्या मशीनवर उभी असते, तिथे स्पिंडलवर किती भार आहे ते पडद्यावर दिसतं आणि जास्त झाला की मशीन स्वतः थांबतं. कंपनीच्या मशीनला हे असतं तर घरच्याला का नको, एवढाच माझा विचार होता. जूनमध्ये सुरू केलं.

पहिल्यांदा उजेडावर चालणारा सेन्सर लावला. स्पिंडलच्या नटाची अर्धी बाजू काळी रंगवली, म्हणजे प्रत्येक फेऱ्याला एकदा काळं, एकदा चकचकीत. दोन दिवस छान चाललं. मग लाकडाचा भुसा सेन्सरवर बसला आणि पडद्यावर आकडा कधी नऊ हजार, कधी शून्य. ते काढलं.

मग लोहचुंबक. मटारच्या दाण्याहून लहान, नटाला चिकटवला. मिनिटाला अठरा हजार फेऱ्यांना तो सुटला आणि शेडच्या पत्र्यावर असा आदळला की शेजारच्या काकू बाहेर आल्या. बाबा तेव्हा अंगणात होते. मी मेन स्विच बंद केला आणि खाली बसले. त्यानंतर आठ दिवस मी मशीनला हात लावला नाही.

बाबांनीच मग भोसरीच्या नवनाथकाकांना गाठलं. ते बाबांबरोबर प्रेस शॉपमध्ये, पत्रा दाबायच्या मशीनवर होते, आता स्वतःची लेथ चालवतात. त्यांनी ॲल्युमिनियमचं एक कडं करून दिलं, आतल्या बाजूने समोरासमोर दोन खड्डे, म्हणजे वजन दोन्हीकडे सारखं. खड्ड्यांत चुंबक बसवून वरून एपॉक्सी गोंद भरला. आता ते सुटत नाहीत. पण सेन्सरची वायर मोटारच्या केबलला लागून गेली होती, त्यामुळे चोवीस हजारांच्या वर जाऊच न शकणारा स्पिंडल साठ हजार दाखवायला लागला. वायर वेगळ्या वाटेने नेली, जाळीवाली वापरली, जाळीचं एक टोक अर्थिंगला दिलं. आकडा शांत झाला.

पुढचं काम सोपं वाटतं, पण त्याला सप्टेंबर गेला. अठरा हजार सांगितले आणि स्पिंडल चौदाच्या खाली उतरला, की मशीन सरकायचं थांबतं. लगेच सावरला तर पुन्हा चालू करता येतं. सहाच्या खाली गेला, तर अडकला असं समजून सगळंच बंद. सुरुवातीला ते चालू करताक्षणीच बंद व्हायचं, कारण स्पिंडलला वेग घ्यायला तीन सेकंद लागतात आणि तेवढ्यात त्याला वाटायचं अडकला. तीन सेकंद धीर धर, एवढं त्याला शिकवावं लागलं.

एवढं झालं तुझ्या प्रदर्शनाचं.

बाबांबद्दल तू विचारलं नाहीस, तरी लिहिते. उजव्या डोळ्याने आता उजेड-अंधारही कळत नाही. ऑगस्टच्या तपासणीत डॉक्टरांनी सांगितलं, आता यापुढे काही करण्यासारखं नाही. एका डोळ्याने अंतर कळत नाही, त्यामुळे चहा कपात ओतताना बशीत जातो. म्हणून ते कपाच्या काठाला भांडं टेकवून ओततात. रस्ता ओलांडताना उजवीकडची गाडी दिसत नाही म्हणून मी त्या बाजूने चालते. कोणी विचारलं तर सांगतात, "एक तरी हाय की."

दादा, स्पिंडलला सेन्सर का लावावा लागला, हे तू मेसेजमध्ये विचारलं नाहीस. प्रदर्शनात कोणीतरी विचारेल. तेव्हा तू काय सांगणार आहेस?

बाबांची प्रेस शॉपमध्ये सव्वीस वर्षं गेली. प्रेसच्या ठोक्यांनी त्यांचे कान गेले, आपल्याला लहानपणापासून ओरडून बोलायची सवय त्यामुळेच. निवृत्तीनंतर लॉकडाउनमध्ये त्यांनी या मशीनचा सांगाडा उभा केला, तू कंट्रोलर जोडलास, मी डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला होते, ड्रॉइंग आणि प्रोग्राम मी केले. विहारांच्या पाट्या, दारांवरची नक्षी, नंतर चाकणच्या छोट्या कारखान्यांसाठी ॲल्युमिनियमच्या प्लेटा. स्पिंडलवर भार आला की त्याचा आवाज जड होतो, हे कान असलेल्या माणसाला लगेच कळतं. बाबांना ते कळायचं नाही. म्हणून ॲल्युमिनियमचं काम असलं की मी शेजारी बसायचे. आवाज बदलला की त्यांच्या दंडावर थाप मारायची, ते मशीन थांबवायचे. आमच्या दोघांत ठरलेलं होतं. पाच वर्षांत मी एकदाही उठून गेले नव्हते.

सोळा फेब्रुवारीला गेले.

तो रविवार तुला आठवत असेल. तू स्टँड आणि मोबाईल घेऊन व्हिडिओ काढायला आलास. मशीनपुढची पारदर्शक काच, म्हणजे आपण लावलेली जाड प्लास्टिकची, तू काढून बाजूला ठेवलीस, कारण तिच्यावर तुझं प्रतिबिंब पडत होतं. मग मशीन फार हळू चालतंय, बघायला मजा येत नाही, असं म्हणून तू कॉम्प्युटरवर बसलास. मी चहा करत होते. चहा घेऊन आले तेव्हा तू कॅमेऱ्याकडे बघून बोलत होतास, "हे मशीन मी घरी, एकट्याने, शून्यातून बनवलं." बाबा तुझ्या मागे उभे होते. त्यांना ऐकू आलं नसेल असं मला तेव्हा वाटलं.

मी कप टेबलावर ठेवला. तू चहा घेतलास, रावेतला वहिनींच्या घरच्यांकडे जेवायला जायचं म्हणून बाराच्या आत निघालास. तू गेल्यावर बाबांनी नवी प्लेट बांधली आणि मला बस म्हणाले. मी म्हटलं, तुमच्या इंजिनिअरला बसवा. ते त्यांना नीट ऐकू आलं की नाही माहीत नाही. मी चप्पल घातली आणि स्टेशनपर्यंत चालत गेले. बाकावर बसले. राग जाईना म्हणून अजून बसले. तासाभराने परत आले तेव्हा शेजारचे काका बाबांना रिक्षात बसवत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर आपला तो निळा टॉवेल होता.

हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. सगळ्यांना वाटतं मी तिथे होते. मी तिथे होते असं मीच सांगितलं होतं, कारण नव्हते हे सांगायची मला लाज वाटली. तुझ्याबद्दल जे लिहायचं ते लिहिण्याआधी माझं हे लिहून टाकते. मी शेजारी असते तर आवाज ऐकला असता. प्लेटचं ॲल्युमिनियम वितळून बिटला चिकटलं, स्पिंडल अडकला, मशीन ढकलत राहिलं. बाबांना वाटलं काहीतरी वेगळं दिसतंय, म्हणून ते वाकले. चष्म्यावर गॉगल बसत नाही म्हणून गॉगल कपाळावर होता. बिट तुटला आणि तुकडा चष्म्याच्या कडेने आत गेला.

आता तुझं.

तू हॉस्पिटलमध्ये आलास तेव्हा बाबांना ऑपरेशनला आत नेलं होतं. बाहेर सोजरआत्या होती, मी होते. तू माझ्याशी बोलायच्या आधी आत्याला सांगितलंस, "हिने फीड वाढवलं असणार. हिला प्रत्येक कामाची घाई असते." फीड म्हणजे बिट मालात पुढे सरकायचा वेग, हे आत्याला माहीत नाही. घाई म्हणजे काय ते माहीत आहे. चिंचवडला स्वतःच्या घरी पोचेपर्यंत तिने चार घरांत फोन केले होते. साक्षीच्या घाईने बापाचा डोळा गेला. मी गप्प बसले. मला वाटत होतं माझीच चूक आहे, मी उठून गेले होते. घाईचं म्हण नाहीतर कशाचं म्हण, मला शिक्षा हवीच होती.

तिसऱ्या दिवशी मी शेडमध्ये जाऊन कॉम्प्युटर उघडला. प्लेटच्या प्रोग्राममध्ये मी फीड सहाशे ठेवलं होतं. ते पंधराशे झालं होतं. फाईल शेवटची बदलली गेली सोळा फेब्रुवारीला, सकाळी अकरा वाजून बेचाळीस मिनिटांनी. त्या वेळी त्या खुर्चीवर कोण होतं, हे तुला सांगायला नको. व्हिडिओसाठी तू लाकडावर मशीन पळवलंस, ते लाकडाला चाललं. पण आकडा तू ॲल्युमिनियमच्या फाईलमध्ये बदललास, आणि परत न बदलता तसाच जेवायला गेलास. काचही परत लावली नाहीस. ती मला भिंतीला टेकलेली सापडली.

तू मुद्दाम केलंस असं मी म्हणत नाही. विसरलास. विसरणं मला समजतं. पण हॉस्पिटलच्या बाकावर बसून "हिने फीड वाढवलं असणार" हे तुझ्या तोंडून एवढ्या लवकर कसं आलं, ते मला नऊ महिन्यांत समजलं नाही. फीडमुळे झालं हे तेव्हा कुणाला माहीतच नव्हतं. ते ज्याने बदललं त्यालाच माहीत असणार.

मग तेव्हाच का नाही बोललीस, असं तू म्हणशील. दोन मार्चला तुझा साखरपुडा होता. बाबा डोळ्याला पट्टी बांधून पहिल्या रांगेत बसले होते आणि हसत होते. त्यांच्यासमोर मी काय बोलणार होते? म्हटलं, लग्न होऊ दे. लग्न झालं. जूनमध्ये माझ्यासाठी संघर्ष नावाच्या मुलाचं स्थळ आलं होतं, आयटीआयमध्ये शिकवतो, त्याच्या आईला मी आवडले होते. पुढे त्यांना कुणीतरी सांगितलं, मुलगी हुशार आहे पण उतावळी, बापाचा डोळा तिच्यामुळे गेला. त्यांनी कळवलं, सध्या थांबतो. ते कुणी सांगितलं ते मी शोधलं नाही. शोधून काय करणार, सगळ्यांनाच माहीत होतं.

आता मागच्या रविवारचं सांगते, त्यासाठीच खरं हे पत्र आहे.

दुपारी आम्ही शेवटची चाचणी घेतली. जाड लाकडाचा ठोकळा बांधला, त्यात मुद्दाम बिट खोल घातला, फीड पंधराशे ठेवलं. मी तोच आकडा ठेवला. काच लावली होती, दोघांच्या डोळ्यांवर गॉगल होते, बाबांसाठी मी चष्म्यावरून बसणारा मोठा आणलाय. बाबांनी तळहात टेबलाच्या कडेला ठेवला होता, त्यांना तसंच कळतं. मशीन आत शिरलं, आवाज जड झाला, पडद्यावर सतरा, सोळा, तेरा, आणि सरकणं थांबलं. काही तुटलं नाही. काही उडालं नाही. मी काहीच केलं नव्हतं, माझे हात मांडीवर होते.

बाबांनी हात तसाच ठेवला. मग पडद्याकडे बघून म्हणाले, "पंधराशे ठेवलंस."

मी म्हटलं, हो.

"त्यानं बी तेवढंच ठेवलं हुतं."

मला वाटलं माझ्या ऐकण्यात चूक झाली. मी त्यांच्या डाव्या कानाशी जाऊन विचारलं, तुम्हाला कसं माहीत. ते म्हणाले, रतन आकडा बदलत होता तेव्हा मी मागंच उभा होतो. शिकलेला माणूस आहे, विचार करूनच टाकला असेल, असं वाटलं. म्हणून प्लेट बांधली.

दादा, बाबांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. आत्या घरी येऊन मला त्यांच्यादेखत टाकून बोलायची, तेव्हा त्यांना माहीत होतं. ते पाठमोरे होऊन झोपायचे. मला वाटायचं औषधांची गुंगी आहे.

मी विचारलं, मग का नाही बोललात. एवढंच विचारलं. ओरडूनच विचारावं लागतं त्यांना, त्यामुळे ते भांडल्यासारखं झालं असेल. ते म्हणाले, "त्याची सोयरीक जुळत हुती. आणि तू घरातली हायस. तुला बोलणी बसली तरी तू हितंच ऱ्हाणार. तो गेला असता तर परत आला नसता."

मग त्यांनी ठोकळा सोडवला, बिट काढून फडक्याने पुसला आणि जागेवर ठेवला. त्या दिवशी संध्याकाळी आम्ही जेवलो, मी वाढलं, ते जेवले. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही आणि मीही त्यांच्या चांगल्या डोळ्यासमोर गेले नाही. तुझ्यावर मला राग आहे, तो सरळ आहे, त्याचं मी काहीतरी करीन. बाबांवरच्या रागाचं काय करायचं, ते मला कळत नाही. रोज सकाळी त्यांच्या डोळ्यात थेंब घालायचे असतात. डोकं माझ्या हातात देऊन ते पडून राहतात.

बुधवारी मी आत्याकडे गेले. सगळं सांगितलं, माझं उठून जाणं धरून सगळं. मोबाईलवर फाईलची तारीख आणि वेळ दाखवली. आत्या म्हणाली, आता हे उकरून काय मिळणार, त्याचा संसार नवा आहे, तू मोठं मन कर. मी म्हटलं, आत्या, माझ्याबद्दल चार घरांत फोन केलेस तसे आणखी चार कर. तिने केले नाहीत. करणारही नाही. तिला वाटतं भावाला अडचणीत आणायला मी ही गोष्ट रचून आणली.

म्हणून तुझ्या मेसेजचं उत्तर: फोटो मी पाठवणार नाही. वायरिंगचं चित्र आणि प्रोग्रामही नाही. मशीन शेडमधून हलणार नाही. सेन्सर मी आणि बाबांनी लावलाय, नवनाथकाकांच्या कड्यावर. तुझा त्यातला वाटा एवढाच, की तुझ्यामुळे तो लावावा लागला. चाकणच्या दोन कारखान्यांना मी माझ्या नावाने काम करून देते आहे, कागदावर आता माझं नाव आहे. तुझ्या जुन्या व्हिडिओत मशीन एकट्याने बनवलं असं तू म्हणतोस, तो व्हिडिओ अजून दिसतो. सात हजार लोकांनी बघितलाय. त्यात शेवटी बाबा तुझ्या मागे उभे आहेत, दोन्ही डोळ्यांनी तुझ्या पडद्याकडे बघत. मी तो महिन्यातून एकदा बघते. तू बघतोस का?

हे पत्र मी आज बाबांना वाचून दाखवलं. मोठ्याने वाचावं लागलं, शेजारी ऐकू गेलं असेल, जाऊ दे. सगळं ऐकून झाल्यावर ते म्हणाले, "तेवढं माझं खोड. मला ठावं हुतं ते. पोराला वाईट वाटंल." मी विचारलं, मला काय वाटलं असेल? त्यांनी शर्टाच्या बाहीने डोळा पुसला, तो न दिसणारा, त्यातून अजून पाणी येतं.

मी खोडलं नाही.

ये, असं लिही म्हणून बाबांनी सांगितलंय. म्हणून लिहिते, ये. मी माझ्या मनाने लिहिलं असतं तर लिहिलं असतं, आधी आत्याच्या घरी जा, तिच्या हातात फोन दे, आणि ती चार घरांना काय सांगते ते शेजारी बसून ऐक. मग ये.

वहिनींना नमस्कार.

बाबांची मुलगी,
साक्षी